‘जाऊ दे’ची किंमत १,२९९ रुपये



इथे आपण वाड्यांच्या, गणपतीच्या, शाळेच्या आणि आजीच्या हातच्या पुरणपोळीच्या आठवणी लिहितो. मलाही त्या वाचायला आवडतात. आज मात्र तक्रार लिहितोय. ती अर्धी दुकानदारांबद्दल आहे आणि अर्धी आपल्याबद्दल. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना रागवायचं असेल त्यांना शेवटपर्यंत थांबावं लागणार नाही. चार्जर, केबल, कव्हर, काच, इअरफोन विकणारी दुकानं गिऱ्हाइकाला ज्या पद्धतीनं वागवतात, ती पद्धत चुकून पडलेली नाही. तिच्यात दुकानाची सोय आहे. आणि ती आजवर बिनबोभाट चालली, कारण आपल्यासारखी शिकलेली, नोकरदार, हिशेबी घरं काउंटरवर उभी राहून ‘जाऊ दे’ म्हणतात आणि घरी येऊन तासभर चरफडतात.

थोडं मागे जाऊ. पूर्वी फोन घेतला की खोक्यात चार्जर यायचा, इअरफोन यायचे. २०२० साली ॲपलनं आयफोन १२ बरोबर चार्जर देणं बंद केलं. पर्यावरणासाठी करतोय म्हणाले. पुढच्याच वर्षी सॅमसंगनं महागड्या फोनच्या बाबतीत तेच केलं, आणि मग हळूहळू ती रीतच होऊन बसली. फोनची किंमत काही त्या हिशेबानं उतरली नाही. जी वस्तू खोक्यात येत होती, ती आता काउंटरवरून वेगळी घ्यायची. कुठलाही मोबाईलवाला खासगीत सांगेल, की हँडसेटवर फारसं सुटत नाही, खरी कमाई ॲक्सेसरीजमध्ये. म्हणजे ज्या वस्तूवर दुकान चालतं, तीच वस्तू. आणि नेमक्या त्याच वस्तूला बिल नाही, वॉरंटी नाही, परत घेणं नाही आणि नीट उत्तरही नाही.

आता उदाहरण. दुकानाचं नाव लिहीत नाही, कॉमेंटमध्येही विचारू नका. एका दुकानापुरता हा विषय असता तर मी एवढं लिहिलंच नसतं.

माझी आत्या ७६ वर्षांची आहे, दांडिया बाजारात राहते. ३० वर्षं शाळेत गणित शिकवलं. भाचरांनी मिळून तिला नवा फोन दिला, त्यात चार्जर नव्हता. ती एकटीच गेली, एका मोठ्या, एसी लावलेल्या मोबाईल शोरूममध्ये. फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, ह्याला चालेल असा चार्जर द्या. समोरच्या पोरानं स्वतःच्या फोनमधून मान वर न करता एक खोकं सरकवलं. “आ फास्ट छे माजी, लई लो.” किंमत १,२९९. वर ‘इलेव्हन डी’ काच म्हणून ३९९. आत्यानं यूपीआयनं १,६९८ रुपये दिले, स्वतः, कोणाला न विचारता. बिल मागितलं तर ‘एस्टिमेट’ छापलेल्या चिठ्ठीवर आकडे खरडून दिले. ना दुकानाचं नाव, ना तारीख, ना वस्तूचं नाव.

फोन सावकाश चार्ज होत होता, चार्जर मात्र हात लावला तर चटका बसेल इतका तापत होता. नवव्या दिवशी बंद पडला. आत्या पुन्हा गेली. तोच पोरगा. “आंटी, पानी लग गया होगा.” नाही म्हटल्यावर, “रात भर लगा के छोड़ा होगा.” तेही नाही म्हटल्यावर, “कंपनी में फोन करो, हमारा काम बेचने का है.” आत्यानं खोक्यावरच्या नंबरावर फोन केला. तिथल्या बाईंनी विनम्रपणे सांगितलं, बिलाचा फोटो पाठवा. आत्या तिसऱ्यांदा दुकानात. “एक्सेसरीज का बिल नहीं बनता. चाहिए तो अट्ठारह परसेंट अलग.”

हे चक्र नीट बघा. दुकान म्हणतं कंपनीकडे जा. कंपनी म्हणते बिल आणा. दुकान म्हणतं बिल नसतं. ह्यात तुम्ही कितीही फेऱ्या मारा, कुठेही दार उघडत नाही. आणि कुणीही तुम्हाला ‘नाही’ असं म्हटलेलं नसतं! एकेक माणूस सुटासुटा बघितला तर प्रत्येकजण आपापलं काम करतोय. म्हणून तर राग कोणावर काढायचा हेच कळत नाही, आणि आपण हात झटकून घरी येतो.

चौथ्या वेळी मी बरोबर गेलो. त्याच पोरानं मला ‘सर’ म्हटलं, स्टूल पुढे केलं, पाणी विचारलं. आत्या बोलायला लागली तर, “आंटी, आप रहने दो, मैं सर को समझाता हूँ.” म्हणजे जिनं पैसे दिले, जिची वस्तू बिघडली, जिला सगळा घटनाक्रम तारखेनिशी पाठ होता, तिनं गप्प बसायचं. बाराशे रुपयांपेक्षा मला हे लागलं. म्हाताऱ्या माणसाला वस्तू वापरता येत नाही हे आधीच धरून चालायचं, त्याच्या शब्दाला साक्षीदार लागतो असं मानायचं, ही वागणूक आपल्या सगळ्यांच्या घरातल्या आई-वडलांना, काका-मावश्यांना रोज मिळते. ते घरी सांगत नाहीत, कारण त्यांना वाटतं, आपलंच काही चुकलं असेल. शेवटी मॅनेजर आला आणि हसत म्हणाला, “भाई, आटला माटे शुं झघडो करवानो?” एवढ्याशासाठी काय भांडायचं.

हाच तो प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला सविस्तर द्यायचं आहे.

पहिलं, कायदा काय म्हणतो ते साध्या भाषेत. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात ‘अनुचित व्यापार प्रथा’ कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे. विकलेल्या मालाचं बिल किंवा कॅश मेमो न देणं, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला आणि पैसे परत करायला नकार देणं, हेही त्यात आहे. म्हणजे भिंतीवर टांगलेली ती पाटी, ‘एक वार वेचेलो माल पाछो नहीं लेवाय’, सदोष मालाच्या बाबतीत निव्वळ भिंतीची शोभा. ग्राहक आयोगांनी अनेकदा अशा पाट्यांना आणि बिलावर छापलेल्या तशा ओळींना अनुचित ठरवलेलं आहे. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. रंग आवडला नाही, मुलानं दुसरं घेतलं, म्हणून माल परत घेण्याची सक्ती दुकानदारावर नाही. सदोष माल आणि बदललेलं मन, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपणही त्या एक करू नयेत.

दुसरं, ते ‘अट्ठारह परसेंट अलग’. खोक्यावर जी एमआरपी छापलेली असते, तिच्यापुढेच लिहिलेलं असतं, सर्व करांसहित. चार्जरवर जीएसटी १८ टक्के आहे हे खरं, पण तो त्या १,२९९ च्या पोटात आहे. त्याच्यावर पुन्हा १८ टक्के मागणं म्हणजे एमआरपीपेक्षा जास्त घेणं, आणि ते बेकायदा आहे. बरं, जीएसटीत नोंदणी असलेल्या दुकानदाराला २०० रुपयांच्या आतल्या विक्रीला बिल न देण्याची सवलत आहे, पण गिऱ्हाइकानं मागितलं नाही तरच. मागितलं की द्यायलाच हवं. आणि ज्याची उलाढाल कमी म्हणून नोंदणीच नाही, त्यानं जीएसटी मागायचाच नाही, साधी सही-शिक्क्याची पावती द्यायची. तेव्हा ‘बिल मागितलं की कर लागतो’ हे वाक्य ज्यानं शोधून काढलं, त्यानं आपल्या पिढ्यानपिढ्यांच्या कंजूषपणाचा बरोबर अभ्यास केला होता, एवढंच म्हणतो. आपण कर वाचवला असं आपल्याला वाटतं. वाचवलेला कर दुकानदाराच्या खिशात जातो आणि आपला पुरावा कचऱ्याच्या डब्यात.

तिसरं, माहिती न सांगता विकणं. पुष्कळ फोनचं वेगवान चार्जिंग त्या-त्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीवर चालतं. तिचाच चार्जर आणि तिचीच केबल असेल तरच वेग मिळतो. दुसरा चार्जर ‘६५ वॉट’चा असला तरी फोन आपला सावकाश चार्ज होत राहतो. काउंटरवरच्या माणसाला एक वाक्य माहीत असलं पाहिजे, ‘ह्या फोनला हा चार्जर पूर्ण वेगानं चालणार नाही.’ तेवढं वाक्य बोलण्याचेच तर आपण शोरूमचे पैसे देतो. तसंच काचेचं. ‘नाइन एच’ ही पेन्सिलीच्या शिशानं ओरखडा उठतो का, ह्या चाचणीतली खूण आहे. हिऱ्यामाणकांच्या कठीणपणाशी तिचा संबंध नाही. आणि ‘इलेव्हन डी’ला तर काही अर्थच नाही. जगात लांबी, रुंदी, उंची एवढ्याच मिती आपल्याला शाळेत शिकवल्या, बाकीच्या आठ त्या दुकानात मिळतात.

आता दुकानदारांची बाजू. ती नाहीच असं मी म्हणणार नाही. माझ्या ओळखीत मोबाईलचं दुकान चालवणारे आहेत, त्यांच्याशी बोलूनच लिहितोय.

ते म्हणतात, वितरक आमच्याकडून माल परत घेत नाही, मग आम्ही गिऱ्हाइकाकडून का घ्यावा? अडचण खरी आहे. पण ती तुमची आणि तुमच्या वितरकाची. तुम्ही त्याच्याशी भांडायचं टाळता आणि तो तोटा ७६ वर्षांच्या बाईच्या पदरात टाकता. जो कमी भांडेल त्याच्या गळ्यात तोटा घालायचा, ह्याला धंदा म्हणत नाहीत.

ते म्हणतात, लोक लबाडी करतात, जुना चार्जर आणून नवा आहे म्हणतात. करतात, मान्य. त्यावर उपाय काय? बिलावर वस्तूचा सिरीयल नंबर लिहा. बिल जितकं गिऱ्हाइकाचं रक्षण करतं, तितकंच दुकानदाराचंही. जो दुकानदार बिल देत नाही आणि वर गिऱ्हाइकावर संशय घेतो, त्यानं स्वतःच्या बचावाचं साधन स्वतःच फेकून दिलेलं असतं.

ते म्हणतात, ऑनलाइनवाल्यांनी मारलं आम्हाला. इथे मला मनापासून वाईट वाटतं. कारण मला बाजार हवा आहे. रावपुरा, मांडवी, मंगळ बाजार, नवा बाजार, हे सगळं ओस पडलेलं मला बघायचं नाही. पण ऑनलाइनवर लोक का जातात? स्वस्त मिळतं म्हणून, हे एक. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिथे बिल आपोआप येतं आणि बिघडलेली वस्तू परत करताना कोणी “पानी लग गया होगा” म्हणत नाही. दुकानाकडे एकच गोष्ट जास्त होती, समोर उभा असलेला माणूस. त्या माणसानंच मान वर केली नाही, तर गिऱ्हाइकानं ऊन तुडवत कशासाठी यायचं?

आणि गंमत बघा. आपल्यातले पुष्कळजण रावपुऱ्यातल्या मरीमाताच्या खांच्याला नाकं मुरडतात. ‘तिथे सगळा डुप्लिकेट माल’ वगैरे. नकली माल त्या बाजारात निघाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात, म्हणून ब्रँडेड म्हणून काही घेताना जपूनच घ्यावं. पण त्या गल्लीतल्या पोरांची एक गोष्ट मला आवडते. केबल तुमच्या फोनला लावून दाखवतात, चार्जिंगची खूण आली की मग पैसे घेतात, आणि तोंडावर सांगतात, काका, शंभरची आहे, चालेल तेवढी चालेल. फटकळ आहे, पण फसवणूक नाही. शोरूम आपल्याकडून एसीचे, काचेच्या दरवाजाचे आणि गणवेशाचे पैसे घेतं, आणि वस्तू लावून दाखवायचे कष्टही घेत नाही. पावती मात्र दोघांनीही द्यायला हवी, शंभरवाल्यानंही. त्यात सूट नाही.

आता आपल्याकडे वळतो. इथून पुढे काहींना झोंबेल.

आत्यानं लढायचं ठरवलं तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर काय आलं माहीत आहे? ‘कशाला आत्या एवढं?’ ‘बाराशे रुपयांसाठी डोक्याला ताप.’ ‘व्यापाऱ्यांशी आपण काय वाद घालणार?’ आणि एका सज्जन नातेवाइकांनी लिहिलं, ‘शेवटी आपण दुसऱ्यांच्या गावात राहतो, जरा जमवून घ्यावं.’

दुसऱ्यांच्या गावात! मंडळी, १८व्या शतकात गायकवाडांबरोबर जी घरं आली, त्यांतली कित्येक इथेच राहिली. आमच्यासारखे नंतर नोकरीला म्हणून आलेलेही पिढ्यानपिढ्या इथलेच झाले. घरपट्टी इथे भरतो, मत इथे देतो, आपली माणसं इथेच जाळतो. आमच्या पोरांचं गुजराती मराठीपेक्षा बरं आहे. आणि तरी काउंटरवर उभे राहिलो की आपण पाहुणे होतो. पाहुण्यानं यजमानाच्या घरी आमटी खारट झाली म्हणायचं नसतं, तसं आपण बिल मागत नाही. हे फक्त बडोद्यात आहे असं समजू नका. इंदूरचे, ग्वाल्हेरचे, हैदराबादचे, बेळगावचे वाचक इथे आहेत. खरं सांगा, तुमच्या घरात हे वाक्य ऐकलेलं नाही?

आपण त्याला सभ्यता म्हणतो. मी त्याला सभ्यता म्हणायला तयार नाही. सभ्य माणूस आवाज चढवत नाही, हे बरोबर. पण सभ्य माणूस शांतपणे, बसल्या जागी, ‘बिल झाल्याशिवाय मी उठणार नाही’ असंही म्हणू शकतो. आपलं ‘जाऊ दे’ आणि इथलं ‘चालशे’ ह्या दोघांचं लग्न लागलंय, आणि त्यांचा संसार आपल्या खर्चानं चाललाय.

शिवाय हे ‘जाऊ दे’ आपल्यापुरतं राहत नाही. आपण बाराशे रुपये सोडू शकतो. त्याच काउंटरवर आपल्यामागे धुणीभांडी करणारी बाई उभी असते, मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेल्या फोनचा चार्जर घ्यायला. तिला ते चारशे रुपये सोडता येत नाहीत. आपण, ज्यांना वाचता येतं, लिहिता येतं, कायदा समजतो, वेळ आहे, त्यांनी सोडलं की दुकानाला सवय लागते. ती सवय मग तिला भोवते.

आणि हा वारसा आपला नाही असं तर मुळीच नाही. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली, घरोघरच्या बायकांनी एकत्र येऊन किराणा वाटून घेतला. इकडे गुजरातमध्ये १९७८ साली अहमदाबादेत ग्राहकांसाठी शिक्षण आणि संशोधन करणारी संस्था निघाली. त्यानंतर कुठे २४ डिसेंबर १९८६ ला पहिला ग्राहक संरक्षण कायदा झाला. म्हणजे आपल्या दोन्ही मुलखांनी, ज्या भाषेत आपण बोलतो आणि ज्या मातीत आपण राहतो त्या दोघांनी, ह्या कायद्याची वाट आधी तुडवली आहे. आपल्याला त्यावरून फक्त चालायचं आहे, तर आपल्याला चपला सापडत नाहीत!

आत्यानं काय केलं ते सांगतो, कारण ते कोणालाही करता येण्यासारखं आहे. तिनं आधी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली आणि नंबर घेतला. मग दीड पानाचं पत्र लिहिलं. अमुक तारखेला अमुक वस्तू घेतली, यूपीआयचा व्यवहार क्रमांक हा, चिठ्ठीची प्रत जोडली आहे, खोक्याचे फोटो जोडले आहेत, नवव्या दिवशी बंद पडला, तीनदा येऊन गेले त्या तारखा ह्या, बिल नाकारलं ते शब्द हे. १५ दिवसांत पैसे परत करा, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. स्पीड पोस्टानं पाठवलं, पावती जपून ठेवली. कुठे एक कडक शब्द नाही. बाराव्या दिवशी फोन आला, आवो, पैसा लई जाव. १,२९९ रुपये परत मिळाले. मी म्हटलं, काचेचं काय? म्हणाली, काच चांगली आहे, तिची तक्रार कशाला करू? आणि ग्रुपवरच्या सगळ्यांना तिनं एकच ओळ लिहिली, ‘बेरीज चुकली असेल तर किती मार्कांची होती हे नंतर बघायचं, आधी दुरुस्त करायची.’

पैसे मिळालेच नसते तरी माझं मत हेच राहिलं असतं, हेही लिहून ठेवतो. प्रत्येक पत्राला असं यश येत नाही. पण अशी दहा पत्रं एका दुकानात पोचली, तर अकराव्या गिऱ्हाइकाला बिल न मागता मिळेल, एवढा धंदा व्यापाऱ्यांना कळतो.

ज्यांना जपून ठेवायचं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात :

१) पैसे देण्यापूर्वी बिल मागा, नंतर नाही. यूपीआयचा कोड स्कॅन करण्याआधी विचारा. तोपर्यंत जोर आपल्या बाजूला असतो.

२) बिलावर दुकानाचं नाव, तारीख, वस्तूचं नाव आणि सिरीयल नंबर हवा. ‘एस्टिमेट’ म्हणजे बिल नव्हे.

३) तरीही बिल मिळालं नाही, तर यूपीआयची नोंद, चिठ्ठी, खोकं जपून ठेवा. बिल न देणं ही दुकानदाराची चूक आहे, तिच्यामुळे आपला हक्क जात नाही.

४) खोकं उलटून बघा. एमआरपी, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी नंबर छापलेला असायलाच हवा. फोनच्या चार्जरवर आणि पॉवर बँकवर बीआयएसची नोंदणीची खूण आणि ‘आर’नं सुरू होणारा नंबर असतो. ‘बीआयएस केअर’ ॲपवर तो नंबर टाकून बघता येतो. तापणाऱ्या चार्जरचा प्रश्न पैशाचा नाही, उशाशी फोन लावून झोपणाऱ्या माणसाच्या जिवाचा आहे.

५) काउंटरवरच लावून बघा. आपल्याच फोनला, आपल्याच हातानं.

६) तक्रार करायची तर दोन वर्षांच्या आत. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाची फी शून्य आहे, वकील सक्तीचा नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वस्तू कुठूनही घेतलेली असो. ऑनलाइनही करता येते.

आणि सातवी गोष्ट, ती कायद्यात नाही. घरातलं वयस्कर माणूस दुकानात निघालं, तर त्याच्याऐवजी जाऊ नका, त्याच्याबरोबर जा. आणि दुकानदार तुमच्याशी बोलायला लागला, तर एवढंच म्हणा, ‘गिऱ्हाईक ते आहेत, त्यांच्याशी बोला.’

मला माहीत आहे, काहीजण म्हणतील, जगात एवढे मोठे प्रश्न असताना चार्जरवर एवढं काय लिहायचं. मोठ्या प्रश्नांवर आपण कुठे बोलतो? तिथेही ‘जाऊ दे’च म्हणतो. सुरुवात छोट्यापासून करू. दोन शब्दांचं वाक्य आहे, आपण जिथे राहतो तिथल्या भाषेत पाठ करून ठेवा. बडोद्यात ‘बिल आपो’. इंदूर-ग्वाल्हेरला ‘बिल दीजिए’. बेळगावात ‘बिल कोड्री’. पणजी-म्हापशाला ‘बील दियात’. हैदराबादेत ‘बिल्लु इव्वंडी’. म्हणा, आणि मिळेपर्यंत काउंटरवरून हलू नका.